कढीपत्त्याची दोन रोपे: एक घरपोच आलेले, एक उरुळी कांचनहून आणलेले

जून 2023 मध्ये मी एका आठवड्याच्या अंतराने कढीपत्त्याची दोन रोपे विकत घेतली. पहिले एका ऑनलाइन रोपविक्रेत्याकडून मागवले. रोपाचे 249 रुपये आणि घरपोच पोहोचवण्याचे 79, असे एकूण 328 रुपये झाले. दुसरे सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या अलीकडे असलेल्या एका रोपवाटिकेतून 70 रुपयांना आणले. पुण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरील पूर्वाभिमुख गॅलरीत, सारख्या मापाच्या कुंड्यांत आणि एकाच ढिगातून भरलेल्या मातीत दोन्ही वाढवली. रोप हाती पडल्याच्या आठव्या दिवशी पाच तारे देणारे अभिप्राय पुष्कळ वाचायला मिळतात, परंतु कढीपत्त्याबद्दल आठव्या दिवशी सांगण्यासारखे काही नसतेच; पहिल्या वर्षी ते बहुतेक जागचे हलत नाही. म्हणून अडीच वर्षे थांबून, दोन्ही झाडांच्या पानांच्या भरपूर फोडण्या घालून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

ऑनलाइन रोप पाचव्या दिवशी आले. वेष्टनाबद्दल तक्रार करण्यास जागा नव्हती: पुठ्ठ्याचे जाड खोके, कुंडीच्या तोंडाशी माती सांडू नये म्हणून गुंडाळलेली फीत, रोप हलू नये म्हणून बांधलेली काडी. आत मात्र चार इंची प्लास्टिकच्या कुंडीत एक नव्हे, पाच रोपे होती. बी पेरून उगवलेली लहान लहान पाच रोपे एकाच कुंडीत दाटीने लावली, म्हणजे छायाचित्रात ते एक डेरेदार झाड दिसते. जाहिरातीतली ‘एक ते दीड फूट उंची’ कुंडीच्या बुडापासून मोजलेली होती. मातीच्या वर रोप जेमतेम सात इंच भरले. पाच दिवस अंधारात राहिल्याने खालची पाने पिवळी पडून गळाली, हे प्रवासात होणारच आणि त्याचा मी दोष मानत नाही. सोबतच्या सूचनापत्रात ‘रोज पाणी द्यावे’ असे छापले होते, हा मात्र दोष आहे. कुंडीतली कढीपत्त्याची जितकी रोपे कीड आणि उन्हाने मरत असतील, त्याहून अधिक रोजच्या पाण्याने मरतात, असे माझे मत आजूबाजूच्या गॅलऱ्या पाहून झाले आहे. वरची दोन बोटे माती कोरडी झाल्यावर भरपूर पाणी द्यावे आणि मग पुन्हा कोरडी होईपर्यंत हात लावू नये, एवढे एक वाक्य त्या चकचकीत कागदावर सहज मावले असते.

महिनाभरात पाचांपैकी तीन रोपे माना टाकून गेली. विक्रेत्याने ‘तीस दिवसांत रोप बदलून मिळेल’ असे आश्वासन दिले होते. छायाचित्रे पाठवल्यावर उत्तर आले की दोन रोपे जिवंत असल्यामुळे मागणी पूर्ण झालेली आहे. तर्क बिनतोड होता. एक रोप विकले, पाच पाठवली, तीन मेली, तरीही ग्राहक एका रोपाने फायद्यात! उरलेल्या दोघांपैकी सशक्त ते ठेवून दुसरे मी मातीलगत कापून टाकले, कारण एकमेकांत गुंतलेली मुळे ओढून सोडवताना दोन्ही गमावण्याची भीती होती.

उरुळी कांचन आणि लोणी काळभोरचा पट्टा रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या जाळीखाली रोपे मांडलेली असतात. तेथील बहुतेक व्यवहार ठोक असतो, त्यामुळे एकच कढीपत्ता हवा असलेल्या गिऱ्हाइकाकडे फारसे लक्ष दिले जाईल अशी अपेक्षा नव्हती. मी गेले त्या ठिकाणी फलकावर दर नव्हते, पावती मागितल्यावर वहीचे पान फाडून दिले गेले आणि वाहन उभे करण्यास जागा नव्हती. हे तिन्ही मुद्दे त्यांच्या विरुद्ध नोंदवते. पण रोपे दाखवणाऱ्या काकांनी जे केले ते मला कोणत्याही संकेतस्थळावर मिळाले नसते. त्यांनी ओळीतल्या चार वेगवेगळ्या रोपांचे एकेक पान तोडून चुरगाळले आणि माझ्या हातावर ठेवले. “ताई, उंची बघू नका, वास बघा आणि बुंधा बघा,” एवढेच ते म्हणाले. चारही पाने दिसायला सारखी होती. वासात मात्र दोन अगदी फिकी, एक बरे आणि एक असे की बोटांना तासाभराने घरी परतेपर्यंत वास होता. तेच रोप मी घेतले. काळ्या पिशवीत एकच रोप, पेन्सिलीएवढा जाड बुंधा, उंची सव्वा फूट आणि तळाच्या छिद्रातून किंचित डोकावणारी पांढरी मुळे.

वासातल्या या फरकाचे कारण समजण्यासारखे आहे. कढीपत्त्याची रोपे बहुधा बियांपासून केली जातात आणि बियांच्या रोपांत सगळीच आईवर जात नाहीत. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने ‘डीडब्ल्यूडी-1’ आणि ‘डीडब्ल्यूडी-2’ हे वाण निवडून काढले. त्यांपैकी पहिल्याचा वास चांगला, पण थंडीत तो फुटायला कुरकुरतो, अशी त्याची ख्याती आहे. सामान्य रोपवाटिकेत वाणाचे नाव विचारले तर ‘गावरान’ किंवा ‘धारवाडी’ यांपैकी एक उत्तर ऐकू येते आणि दोन्हींवर फारसा भरवसा ठेवू नये. पान उजेडाकडे धरले तर त्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी असतात आणि लिंबू, संत्रे, बेल यांच्या पानांतही त्या दिसतात, कारण कढीपत्ता त्यांच्याच कुळातला आहे. माझ्या सासूबाई अमरावतीच्या असल्याने त्याला गोडलिंब म्हणतात (आणि कोथिंबिरीला सांभार, त्यामुळे आमच्या घरात बाजाराची यादी दोनदा वाचावी लागते), तेव्हा कडुनिंबाशी त्याचे नाते असावे असे वाटते. पण ते केवळ पानांच्या ठेवणीपुरते, कुळ अगदी वेगळे.

दोन्ही रोपे बारा इंची कुंड्यांत लावली. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग जुने कुजलेले शेणखत, एक भाग जाड वाळू आणि कोकोपीट मिळून, शिवाय मूठभर निंबोळी पेंड असे मिश्रण केले. रोपवाटिकेच्या रोपाबाबत एक सावधगिरी मुद्दाम सांगते: पिशवीतली लाल माती वाहतुकीत फुटू नये म्हणून चिकण असते आणि ती तशीच कुंडीत बसवली तर बाहेरची माती ओली व आतला गोळा कोरडा, किंवा नेमके उलट, अशी स्थिती होते. मी त्या गोळ्याच्या कडा बोटांनी हलकेच मोकळ्या केल्या आणि तळाशी गोल फिरलेले मूळ सरळ केले. गॅलरीत सकाळी साडेअकरापर्यंत ऊन असते. तेवढे पुरले, तरी गच्चीवरच्या झाडांना दिवसभराचे ऊन मिळते आणि ती आमच्या झाडांच्या दीडपट वेगाने वाढतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पहिल्या पावसाळ्यात ऑनलाइन रोपाने तीन नवी पाने काढली, उरुळीच्या रोपाने नऊ. पान म्हणजे येथे पूर्ण डहाळी, तिच्यावर पंधरा-वीस पर्णिका असतात. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दोन्ही स्वस्थ बसली. पुण्याच्या थंडीत रात्रीचे तापमान उतरू लागले की कढीपत्ता वाढ थांबवतो आणि खालची पाने टाकतो. त्या काळात ‘झाड मेले’ असे समजून पाणी आणि खत वाढवणे हा हमखास नुकसानीचा मार्ग आहे. पहिल्या हिवाळ्यात मी तो थोडासा चोखाळला आणि ऑनलाइन रोपाचा एक फाटा गमावला. मार्चमध्ये लालसर कोवळी पालवी आल्यावर शेंडे खुडले. कढीपत्त्याची पाने एकेक करून ओरबाडू नयेत. शेंड्याकडचा चार-पाच इंचांचा भाग पेराच्या वर कापावा, म्हणजे त्या खालून दोन-तीन फुटवे येतात आणि झाड उंच काठीसारखे न होता भरते. एप्रिल-मेमध्ये आलेले पांढऱ्या फुलांचे तुरेही मी काढून टाकले, कारण मला फळे नको होती, पाने हवी होती.

दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीला टँकरचे जड पाणी येऊ लागले आणि दोन्ही झाडांची नवी पाने पिवळी पडली. शिरा हिरव्या, मधला भाग फिकट. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. लोह मातीत नसतेच असे नव्हे, पण चुनखडीयुक्त पाण्याने मातीचा सामू (आम्लता-विम्लता दाखवणारा आकडा, म्हणजे पीएच) वाढला की मुळांना ते घेता येत नाही. येथे प्रत्येक शेजारीण, माझी आई आणि रोपवाटिकेतले ते काका यांचे एकच सांगणे होते, ते म्हणजे आंबट ताक. मी दोन महिने दर पंधरा दिवसांनी वाटीभर आंबट ताक लिटरभर पाण्यात मिसळून घातले. मुंग्या आल्या, गॅलरीत वास आला, मात्र पिवळेपणा तितकाच राहिला. त्यानंतर कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातले लोह, आणून पुडीवरच्या प्रमाणात पाण्यातून दिले आणि तीन आठवड्यांत पुढची पालवी गडद हिरवी आली. ताकाने नुकसान होते असे मी म्हणणार नाही. सौम्य आम्लतेने थोडा उपयोग होत असेलही. पण ज्या झाडाची पाने कढीत घालायची त्याच झाडाला ताक पाजण्याच्या कल्पनेत जे काव्य आहे, तेच तिच्या लोकप्रियतेचे मुख्य कारण असावे, असा माझा संशय आहे.

कीड म्हणाल तर दोनदाच त्रास झाला. एकदा पिठ्या ढेकूण, जे साबणाच्या पाण्याने आणि जुन्या दातघासणीने निघाले. दुसऱ्यांदा पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे काळे-पांढरे ठिपके दिसले आणि ते चालू लागले. त्या लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या होत्या. मोठ्या झाल्यावर त्या हिरव्या होतात आणि एका दिवसात एक डहाळी फस्त करतात. दोन अळ्या ऑनलाइन झाडावर राहू दिल्या (कोणत्या झाडाचा बळी द्यायचा हे ठरवणे अवघड गेले नाही) आणि बाकीच्या खालच्या बागेतल्या लिंबावर नेऊन सोडल्या. औषध एकदाही फवारले नाही. घरी झाड लावण्यामागे माझा सर्वांत मोठा हेतू हाच होता: बाजारातल्या कढीपत्त्यावर फवारणी बरीच होते आणि भारतातून जाणाऱ्या कढीपत्त्यात कीटकनाशकांचे अंश सापडल्यामुळे युरोपीय संघाने त्याच्यावर वाढीव तपासणी लावली होती. अमेरिकेत तर ताजी पाने बाहेरून नेण्यासच मनाई आहे, पण तेथे कारण वेगळे: संत्र्या-लिंबांच्या बागा उद्ध्वस्त करणारा रोग ज्या इवल्या किडीमुळे पसरतो, ती कढीपत्त्यावरही वस्ती करते. माझ्या नणंदेला न्यू जर्सीला परतताना बॅगेतली जुडी विमानतळावर काढून द्यावी लागली, तेव्हा तिला हे कारण कोणी नीट सांगितले नव्हते.

आता स्वयंपाकाकडे येते, कारण रोपाची खरी परीक्षा पळीत होते. दुसऱ्या पावसाळ्यापासून दोन्ही झाडांची पाने नियमित मिळू लागली. जुलै 2024 मधल्या एका रविवारी मी एकाच दह्याची कढी करून चार भांड्यांत वाटली आणि चार वेगळ्या फोडण्या दिल्या: उरुळीच्या झाडाची पाने, ऑनलाइन झाडाची पाने, मंडईतून त्याच सकाळी आणलेली पाने आणि किराणा दुकानातल्या पाकिटातली वाळवलेली पाने. प्रत्येकीत तूप, जिरे, हिंग आणि आठ पर्णिका, एवढेच. कोणती कोणाची हे न सांगता घरातल्या तिघांना चाखायला दिली. वाळलेल्या पानांची कढी तिघांनीही तत्काळ ओळखली. तिच्यात हिंग होता, कढीपत्ता नावापुरता तरंगत होता. उरुळीची कढी तिघांपैकी दोघांनी पहिली ठरवली. धक्का बसला तो पुढे: मंडईतली पाने दुसरी आली आणि ऑनलाइन झाडाची तिसरी. घरचे, बिनफवारणीचे, तोडून दहा मिनिटे न झालेले पानही मुळात फिके असेल तर ताजेपणा त्याला वाचवत नाही. सासूबाईंनी चवथे भांडे बाजूला सारत “यात गोडलिंब घालायचा राहिला का?” असे विचारले, ते त्या पाकिटाचे परीक्षण म्हणून पुरेसे आहे.

चांगले पान हाती आल्यावर फोडणीच्या काही सवयी बदलाव्या लागल्या. पूर्वी मंडईच्या पानांची पंधरा-वीस पर्णिका टाकायची सवय होती. उरुळीच्या झाडाच्या तितक्या पानांनी साधे वरण कडवट झाले. चौघांच्या आमटीला आता सात-आठ पुरतात. पाने धुऊन पंचावर कोरडी केल्याशिवाय तेलात टाकू नयेत, हे हाताला बसलेल्या चटक्यांनी शिकवले. क्रमही महत्त्वाचा आहे: मोहरी पूर्ण तडतडल्यावर जिरे, मग कढीपत्ता, त्याचा आवाज ओसरू लागताच हिंग आणि हळद, आणि लगेच डाळ किंवा भाजी. पान तेलात काळपट होईपर्यंत ठेवले तर सुगंध तेलात न राहता स्वयंपाकघरात पसरतो. शेजाऱ्यांना तो आवडतो, जेवणाऱ्यांच्या वाट्याला मात्र कमी येतो. मठ्ठ्यासाठी मी फोडणी देतच नाही. चार कोवळी पाने, आले आणि मीठ खलबत्त्यात कुटून ताकात घालते आणि पंधरा मिनिटांनी गाळते. फोडणीतला खमंगपणा त्यात नसतो, त्याऐवजी लिंबाच्या सालीसारखा एक हिरवा वास येतो, जो बाजारातल्या दोन दिवसांच्या जुडीतून मला कधीच मिळाला नव्हता.

कोरडी चटणी हा या झाडाचा सर्वांत मोठा फायदा ठरला. पावसाळ्यात छाटणी केली की तीन-चार वाट्या पाने एकदम निघतात. ती धुऊन सावलीत दिवसभर पसरावीत आणि लोखंडी कढईत मंद आचेवर, तेल न घालता, बोटांत दाबल्यावर कुरकुरीत मोडेपर्यंत भाजावीत. तीन वाट्या पानांना अर्धी वाटी सुके खोबरे, पाव वाटी तीळ, दोन चमचे उडदाची डाळ, सहा सुक्या मिरच्या, चिंचेचे लहान बुटूक, मीठ आणि चवीपुरता गूळ घ्यावा. पाने सोडून बाकी सारे वेगवेगळे भाजून, पूर्ण गार झाल्यावरच एकत्र वाटावे. गरम असताना वाटले तर खोबऱ्याला तेल सुटून चटणीचा लगदा होतो. ती हवाबंद बरणीत महिनाभर चांगली राहते. ऑनलाइन झाडाची पाने मी आता केवळ या चटणीसाठी वापरते, कारण तीळ आणि खोबऱ्याच्या सोबतीत त्यांचा फिकेपणा झाकला जातो.

पैशांचा हिशेब मांडला तर दोन्ही रोपे तोट्याची आहेत. कुंड्या, माती, पेंड आणि लोह मिळून प्रत्येकी सहाशे रुपयांच्या आसपास खर्च झाला. तेवढ्यात मंडईतून दहा रुपयांच्या साठ जुड्या आल्या असत्या, आणि ओळखीच्या भाजीवाल्या मावशी अजूनही कोथिंबिरीसोबत दोन डहाळ्या तशाच टाकतात. त्यामुळे बचतीसाठी हे रोप घेऊ नये. वासासाठी आणि बिनफवारणीच्या पानासाठी घ्यायचे असेल, तर ते स्वतः जाऊन, पान चुरगाळून, एकच जाड बुंध्याचे घ्यावे. जवळपास रोपवाटिका नाही अशांनी ऑनलाइन मागवायला हरकत नाही. मात्र विक्रेत्याला मागणीपूर्वी कुंडीत किती रोपे आहेत आणि उंची कोठून मोजली आहे, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. उरुळीच्या रोपाला मी पाचांपैकी साडेचार गुण देते. अर्धा गुण पावतीचा आणि चिकण मातीचा कापला. ऑनलाइन रोपाला दोन, आणि त्यांतला एक खोक्याचा आहे.

उरुळीच्या झाडाबाबत एक चूक माझ्या स्वतःच्या खाती जमा आहे. 2024 च्या दिवाळीत, झाड भरगच्च दिसते आहे म्हणून, दोन किलो पोह्यांच्या चिवड्याचा सगळा कढीपत्ता मी त्याच्यावरूनच काढला. चिवडा अप्रतिम झाला, पण पाठोपाठ थंडी पडली आणि ते उघडे पडलेले झाड फेब्रुवारी संपेपर्यंत तसेच काड्या घेऊन उभे राहिले. ते चार महिने आमच्या घरी मंडईचाच कढीपत्ता आला. आता ते सोळा इंची कुंडीत आहे, साडेचार फूट उंच झाले आहे आणि बुंध्याशी मुळांतून दोन मुनवे (नवी पिल्ले) फुटले आहेत. तरीही यंदाच्या दिवाळीत त्याला हात लावला नाही. चिवड्यासाठी मावशींकडून वीस रुपयांची मोठी जुडी आणली आणि दोनदा धुऊन घेतली.